मनाचे जाते रात्री का फिरते?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. कूलरची घरघर चालू असते. शेजारी यजमान गाढ झोपलेले, पलीकडच्या खोलीत मुले झोपलेली आणि घरातली बाई मात्र टक्क जागी. उद्या गॅस सिलिंडरचा नंबर लावायचा आहे. सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी राहून गेली आहे. दुपारी जाऊबाई फोनवर नुसतेच ‘बघू’ म्हणाल्या, त्या ‘बघू’चा अर्थ काय घ्यायचा? धाकट्याचे गणित कच्चे आहे, तो दहावीला काय दिवे लावणार? मग दहावीवरून कॉलेज, कॉलेजवरून नोकरी आणि नोकरीवरून थेट स्वतःचे म्हातारपण. पंधरा मिनिटांत वीस वर्षांचा प्रवास, तोही अंथरुणावरून पाय न हलवता!

असे घर शोधायला रायपूरच्या तात्यापाऱ्यापासून किंवा चौबे कॉलनीपासून फार लांब जावे लागत नाही. पुरुषांचेही तेच असते. फरक एवढाच, की ते ‘विचार थांबत नाहीत’ असे म्हणत नाहीत. ‘ॲसिडिटी झाली’ म्हणतात आणि उठून पाणी पितात. सकाळी दोघेही डोळे चोळत चहा घेतात आणि रात्रीचा विषय कोणीच काढत नाही.

विचार करणे हा काही आजार नव्हे. संसार करणाऱ्याला चार गोष्टी पुढच्या बघाव्याच लागतात. पण जात्यात दाणे टाकले तर पीठ पडते आणि दाणे नसताना जाते फिरवले तर दगडावर दगड घासतो. रात्रीचे विचार बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यातून निर्णय कोणताच निघत नाही, आवाज तेवढा होतो.

दाबले की उसळते

अशा वेळी बहुतेक जण पहिला उपाय करतात तो मनाला दटावण्याचा. ‘आता विचार करायचा नाही!’ हा उपाय का फसतो, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवले. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, की पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. एरवी ज्यांच्या डोक्यात कधी पांढरे अस्वल आले नसते, त्यांच्या डोक्यातून ते जाईना. जाऊबाईंच्या ‘बघू’चेही तसेच होते.

दुसरी एक गोष्ट त्याहून जुनी आहे. ब्लूमा झायगार्निक या संशोधक बाईंनी 1927 मध्ये असे मांडले, की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम मनात अधिक रेंगाळते. गृहिणीला हे सांगायला संशोधन कशाला हवे, असे कोणी म्हणेल. गॅसवर दूध ठेवून दाराशी गप्पा मारणाऱ्या बाईचे अर्धे लक्ष कुठे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गंमत अशी, की रात्री अंथरुणावर पडताना आपण एकाच नव्हे, तर वीस गॅसवर वीस पातेली ठेवून पडतो आणि मग झोप का येत नाही याचे नवल करतो.

म्हणजे मनाला गप्प करून भागत नाही. त्याच्या हाती काहीतरी द्यावे लागते. हे ज्याने स्वतःच्या आयुष्यात करून पाहिले, असा एक मराठी माणूस रायपूरच्या मातीत होऊन गेला.

सप्रे यांची ती वर्षे

रायपूरमध्ये बूढा तलावाजवळ माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे शाळेचे मैदान म्हटले की रिक्षावाल्याला पुढे काही सांगावे लागत नाही. छत्तीसगडमधल्या पत्रकारितेचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. जन्म 1871 चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी, मराठी कुटुंबात. त्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले. पुढे टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी 1907 मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. हे सर्व पाठ्यपुस्तकात सापडते. त्यानंतर जे घडले त्याविषयी मात्र लोक थोडे हळू आवाजात बोलतात.

जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये सप्रे यांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ते तुरुंगात असताना घरच्यांचा, विशेषतः थोरल्या भावाचा दबाव एवढा वाढला, की अखेर त्यांनी माफीनाम्यावर सही केली आणि त्याच वर्षी ते सुटून बाहेर आले.

सुटले खरे, पण कशातून? ज्याच्या लेखणीने तरुणांना निर्भय व्हायला सांगितले, त्याच्याच हाताने ती सही झाली होती. गुरुस्थानी मानलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात आणि आपण घरी. लोकांनी बोल लावलेच, पण त्याहून मोठी बोचणी आतली होती. ज्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते, ‘तेव्हा मी असे केले नसते तर’ या वाक्यापाशी ज्याचे मन रोज रात्री येऊन थांबते, त्याला सप्रे यांची अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले. वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी सत्पुरुषांपाशी ते राहिले. तेथे त्यांनी मधुकरी मागितली आणि दासबोधाचा अभ्यास केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बी. ए. झालेला, सरकारी नोकरी नाकारलेला, दोन नियतकालिके चालवलेला माणूस झोळी घेऊन दारोदार उभा राहिला.

याकडे केवळ प्रायश्चित्त म्हणून पाहिले जाते. पण क्षणभर रोजच्या दिनक्रमाच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? ठरलेल्या वेळी उठायचे. ठरलेल्या वेळी पायी निघायचे. मोजक्या घरांपुढे उभे राहायचे, वाढतील ते घ्यायचे, नाही म्हणतील तर पुढे जायचे. परत यायचे, जेवायचे आणि ग्रंथ उघडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यात ‘आज काय करू?’ हा प्रश्नच उरत नाही. पायांना चाल मिळते, हातांना काम मिळते, पोटाला बेताचे अन्न मिळते आणि डोक्याला पाने उलटण्याचा धंदा मिळतो. आजचे मानसोपचारतज्ज्ञ खचलेल्या माणसाला पहिल्यांदा दिवसाचे वेळापत्रक लावून देतात, ते यापेक्षा फार वेगळे नसते.

पुढे सप्रे यांनी दासबोधाचा हिंदी अनुवाद केला. दासबोध म्हणजे वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण दोनशे समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्या. अनुवाद करणाऱ्याला त्यातली एकही ओवी डोळ्यांखालून घालून चालत नाही. ती थांबून वाचावी लागते, मनात धरावी लागते आणि दुसऱ्या भाषेत कागदावर उतरवावी लागते. तोपर्यंत मन दुसरीकडे जाऊच शकत नाही, आणि गेले तर ओवी चुकते. योगायोग असा, की याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे घोटावे, कागद, शाई, लेखणी कशी असावी, हे समर्थांनी तेथे एखाद्या शिक्षकासारखे सांगितले आहे. उपदेशाच्या ग्रंथात हस्ताक्षराचा धडा कशाला, असे वाटेल. पण अक्षर घोटणाऱ्याचा हात जसा स्थिर होतो, तसे आणखीही काही स्थिर होते, हे समर्थांना ठाऊक असावे.

टिळकांनी मंडालेत लिहिलेले ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा हिंदी अनुवादही सप्रे यांनीच केला. ज्या माणसापुढे मान वर करायची लाज वाटावी, त्याच्याच ग्रंथाची एकेक ओळ त्यांनी हिंदीत नेली. रायपुरात मुलींच्या शाळेसाठी त्यांनी खटपट केली. जबलपूरहून 1920 मध्ये निघालेल्या ‘कर्मवीर’च्या उभारणीत त्यांचा हात होता. 1924 मध्ये ते देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 1926 च्या एप्रिलमध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची टोचणी पूर्ण गेली असेल का? बहुधा नाही. सवयी काही रबरासारख्या नसतात, मागचे लिहिलेले खोडायला. पण जे मन फक्त मागे बघत होते, ते पुन्हा कामाला लागले. यात आठ-पंधरा दिवस नव्हे, वर्षे गेली, हेही लक्षात ठेवावे. चार दिवस प्राणायाम करून ‘काही फरक नाही बुवा’ म्हणणाऱ्यांसाठी ही टीप.

डोक्यावर गार पाणी

बूढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात, कारण लहानपणी नरेंद्रनाथ दत्त म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद याच भागात राहिले. वडिलांच्या कामामुळे 1877 मध्ये हे कुटुंब कलकत्त्याहून रायपूरला आले. त्या वेळी रेल्वे रायपूरपर्यंत नव्हती, नागपूरहून पुढे बैलगाडीने जंगलातून यावे लागे. रायपुरात योग्य शाळा नव्हती, म्हणून मुलाचे शिक्षण वडिलांशी होणाऱ्या चर्चांतून झाले. 1879 मध्ये कुटुंब परत गेले.

हा मुलगा लहानपणी इतका अवखळ होता, की आवरेनासा झाला की आई भुवनेश्वरीदेवी त्याच्या डोक्यावर गार पाणी ओतत आणि शिवाचे नाव घेत. मुलगा शांत होई. आईने हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. पण चेहऱ्यावर गार पाणी पडले की शरीरातील एक नैसर्गिक प्रतिक्रिया जागी होते आणि हृदयाची गती मंदावते, हे आज शरीरशास्त्र सांगते. विचारांचा भोवरा सुरू झाला की बेसिनशी जाऊन तोंडावर गार पाण्याचे दोनचार हबके मारावेत, हा आजीचा सल्ला म्हणूनच टाकाऊ नाही. हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवण्यासारखे प्रकार करू नयेत.

मोठेपणी विवेकानंदांनी ‘राजयोग’ या 1896 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मनाला माकडाची उपमा दिली. माकड आधीच चंचल, त्यात त्याला मद्य पाजलेले आणि वर विंचू चावलेला! त्यावर त्यांनी सुचवलेला पहिला धडा मोठा गोड आहे. माकडाला बांधू नका, थोडा वेळ बसा आणि त्याला उड्या मारू द्या, नुसते बघत राहा. पांढऱ्या अस्वलाच्या प्रयोगाच्या नव्वद वर्षे आधीची ही गोष्ट.

घरात काय करता येईल?

आता तात्यापाऱ्यातल्या त्या दोन वाजताच्या खोलीकडे वळू. तिथे मधुकरी मागायला कोणी जाणार नाही आणि दासबोधाचा अनुवादही होऊन गेला आहे. पण चाल, काम, ठरलेली वेळ आणि कागद या चारही गोष्टी कोणत्याही घरात मिळतात.

सगळ्यांत उपयोगी पडतो तो कागद. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन व सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 57 तरुणांपैकी काहींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांत करायची कामे लिहायला सांगितली, काहींना झालेली कामे. ज्यांनी करायची कामे लिहिली, त्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. म्हणून ‘सासूबाईंचे डोळे’ एवढेच लिहून थांबू नये. ‘गुरुवारी सकाळी दहाला दवाखान्यात फोन, जुना चष्म्याचा नंबर बरोबर नेणे’ असे लिहावे. पातेले गॅसवरून उतरत नाही, पण गॅस बारीक होतो.

ज्या गोष्टींचे काम होऊ शकत नाही, नुसती काळजीच असते, त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक व सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ती सुचवली. दिवसातली अर्धा तासाची एक वेळ काळजीसाठी राखून ठेवायची. वेळ तीच, जागाही तीच. एरवी काळजी आली की तिला सांगायचे, ‘सहा वाजता ये.’ ऐकायला हे हास्यास्पद वाटते. पण करून पाहणाऱ्यांना एक मजेदार अनुभव येतो. सहा वाजता खुर्चीत बसले की दुपारी एवढी मोठी वाटलेली काळजी आठवतच नाही, किंवा आठवली तरी तिच्यात दम उरलेला नसतो. एकच पथ्य पाळावे. ही खुर्ची पलंगाजवळ नको आणि ही वेळ झोपेच्या आधीची नको.

हातांचे काम तर आपल्या घरांत भरपूर आहे. मेथी निवडणे, तांदूळ पाखडणे, वाटाणे सोलणे, फुलवाती वळणे. पूर्वीच्या बायका दुपारी ही कामे करीत आणि त्यांना ‘मनाची विश्रांती’ असे भारदस्त नाव कोणी दिले नव्हते. आता ही कामे टीव्हीसमोर किंवा कानात फोन खुपसून होतात, तिथेच त्यांचा गुण जातो. रोज दहा मिनिटे एक तरी काम नुसते ते काम म्हणून करावे. मन पळेलच. हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2010 मध्ये सव्वादोन हजार लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ माणसाचे मन हातातल्या कामावर नसते, असे दिसले. आणि ते नसते तेव्हा माणूस कमी आनंदी असतो, असेही. मन पळाले की मेथीच्या काडीकडे परत आणायचे, एवढेच.

श्वासाबद्दल इतके लिहिले गेले आहे, की वाचूनच धाप लागावी. सार एवढेच, की श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यावा. चार अंक मोजत घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा, पाच मिनिटे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते, त्याचा हा फायदा. रोखून धरण्याचे प्रकार शिकवणाऱ्याशिवाय करू नयेत.

चालण्याचे म्हणाल तर रायपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडा असे कोणी सांगणार नाही. पारा 44 अंशांच्या आसपास असताना पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच जमते. बूढा तलाव किंवा तेलीबांधा तलावाच्या कडेने अर्धा तास चालले तरी पुरे. सोबत मैत्रीण असली तर उत्तम, पण सगळा वेळ सुनेच्या तक्रारीत गेला तर चालणे पायांचे होते, मनाचे होत नाही!

आणि चहा. मराठी घरात हा विषय काढणे धोक्याचे आहे, तरी काढावा लागतो. चहा-कॉफीतले कॅफिन शरीरातून निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपाचा अर्धा कप रात्री अकरा वाजता आपल्यासोबत अंथरुणात असतो. शेवटचा चहा चारला घ्यावा. पाहुणे आले तर त्यांना करावा, आपण लिंबू सरबत घ्यावे. फोनही रात्री उशाशी ठेवू नये. गजराची सबब सांगणाऱ्यांनी शंभर-दीडशे रुपयांचे घड्याळ आणावे.

सवयींनी भागत नसेल तर

कधी कधी हे सारे करूनही जाते थांबत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली असेल, जेवण तुटले असेल, छातीत धडधड होत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर त्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी अशीच धडधड आणि अस्वस्थता येते आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते. जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. रायपूरला एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथल्या रांगेत ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने अनेक जण जात नाहीत. पण ओळखीचे भेटलेच, तर तेही त्याच रांगेत असतात.

राहता राहिला वहीचा प्रश्न. नवी, सुंदर, रेघा मारलेली वही आणली की तिच्यात काय लिहावे याचेच दडपण येते आणि ती कपाटात जाते. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांचा गठ्ठा करावा, दोऱ्याने एक पेन्सिल बांधावी आणि तो स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ खिळ्याला अडकवावा. रात्री दूध विरजताना त्यावर दोन ओळी सहज लिहून होतात. सकाळी पहिल्यांदा ओट्याशी जो उभा राहील, त्याला त्या दिसतात. तो बहुधा चहा करायला आलेला यजमान असतो आणि ‘गॅस सिलिंडर, नंबर लावणे’ हे काम परस्पर होऊन जाते.